उरलेली अर्धी बाटली

...आणि सकाळी सात म्हणजे सात, तुम्हाला सांगतो, ना सहा अठ्ठावन्न ना सात दोन, फोन वाजणार, मी तोंडात ब्रश घेऊन बेसिनपाशी उभा, आणि पलीकडून तो भरदार आवाज, ‘काय मास्तर, आज नाही ना?’ आज नाही म्हणजे काय, तर आज दारू नाही ना. आणि विचारतायत कोणाला, तर मला! तोंडात सगळा फेस, मी कसंबसं म्हणायचं, ‘आज नाही, काका.’ ‘शाब्बास. उद्याचं उद्या बघू,’ आणि फोन ठेवून मोकळे. मागे वळून बघतो तर बायको उभी, हातात टॉवेल, नुसती बघतेय. अगं, बघतेस काय अशी, मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाही.

मी शिंपी. दोन मशिनी, एक इस्त्री, गळ्यात टेप आणि दिवसभर लोकांचं ‘मास्तर, झालं का’. व्यसन म्हणाल तर चहाचं, तेही साखर कमी. खोकला झाला तर औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचतो, त्यात अल्कोहोल किती टक्के ते बघतो, बाटली परत ठेवतो आणि मध चाटतो. असा माणूस. आणि आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ते लिफ्टचे मेकॅनिक. बंद पडलेल्या लिफ्टला नुसता कान लावून सांगतील कुठे बिघडलंय. माणूस सोन्यासारखा... संध्याकाळी सहापर्यंत. सहानंतर त्या सोन्याचं काय व्हायचं ते ताईला विचारा, म्हणजे विचारू नका, बारा वर्षं तिने कोणाला पत्ता लागू दिला नाही. पुढे सहाचे पाच झाले, पाचाची दुपार झाली. आता दुपारी प्यायलेला शिंपी फार तर बाही उलटी लावेल. लिफ्टवाला प्यायला तर? खाली पाच मजल्यांची विहीर, आणि लोक बिचारे विश्वासाने दार उघडून पाय टाकतात. कंपनीच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, आता एकदा जरी वास आला तर टूलबॅग जमा करा. ताईने त्याहून कमी शब्दांत सांगितलं. म्हणाली, ‘मी आणि पोरगी निघतो.’

तर त्या दोघींनी निघू नये म्हणून हा सगळा खटाटोप, एवढं लक्षात ठेवा, बाकी मी काय भरकटतो ते भरकटू द्या.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ताईला चिठ्ठीवर एक नंबर दिला. फोन करायचा कोणी? मी. पलीकडचा माणूस नाव सांगेना. ‘नाव कशाला, या ना तुम्ही. मंगळवार, शुक्रवार, साडेसहा.’ कुठे यायचं? ‘शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, सहावी ब.’ शाळा कुठे? ‘बारच्या मागे.’ मी म्हटलं, चेष्टा करताय का? तर म्हणतो, ‘नाही हो, शाळा सांगितली तर आमच्या लोकांना सापडत नाही. बार सगळ्यांना सापडतो.’

ताई मला म्हणाली, ‘तू त्यांना घेऊन जायचंस. दारापर्यंत नाही, आत बसायचंस.’ थोरली बहीण आहे, लहानपणी तिच्या हातचा मार खाल्लाय, नाही कसं म्हणणार? काढली स्कूटर. चौकात पोचलो, आता विचारायचं कोणाला? लॉन्ड्री होती कोपऱ्यावर. दाजी मागून हळूच म्हणाले, ‘तुम्ही विचारा, मला लाज वाटते.’ आता हद्द झाली की नाही, सांगा तुम्हीच. बारा वर्षं चारचौघांत झोकांड्या खाताना वाटली नाही आणि आज पत्ता विचारायला लाज वाटते? बरं, मी तरी काय विचारणार, दारू सोडायची मिटिंग कुठे भरते? जीभच रेटेना. शेवटी म्हटलं, ‘इथे बार कुठे आहे हो?’ लॉन्ड्रीवाल्याने घड्याळाकडे बघितलं, सहा वाजून वीस मिनिटं. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, ‘मास्तर, तुम्ही?’ माझं गिऱ्हाईक निघालं. दोन पँटी होत्या त्याच्या माझ्याकडे, कमरेत सैल करायला, दुसऱ्या दिवशी तशाच परत घेऊन गेला. आणि मी थेंबाला शिवलेलो नाही!

शाळेत शिरलो तर एका वर्गात पंधरावीस माणसं खाली मान घालून लहान मुलांच्या बाकांवर बसलेली. म्हटलं, हीच. बसलो. समोरच्या बाई मायेने म्हणाल्या, ‘संकोच करू नका, इथे सगळ्यांची तीच अडचण आहे. कधीपासून आहे?’ मी म्हटलं, ‘बारा वर्षं.’ त्यांचा चेहरा उतरला. ‘बापरे. आणि घरी लक्ष कोण देतं?’ म्हटलं, ‘माझी बहीण, पण ती हात टेकून बसलीय.’ ‘तुकडी कोणती?’ मी दाजींकडे बघितलं, दाजींनी माझ्याकडे. ती गणितात कच्च्या मुलांच्या पालकांची सभा होती. दाजींना तिथे इतकं बरं वाटत होतं की उठायलाच तयार नव्हते.

वरच्या मजल्यावर सहावी ब. दारात एक उंच म्हातारे गृहस्थ, चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. तेच ते सकाळी सातवाले. दारू सोडून अकरा वर्षं झाली त्यांना. अदबीने म्हणाले, ‘या. पण आमची ही बंद मिटिंग असते. ज्याला दारू सोडायचीय तोच आत बसतो, सोबत आलेल्यांनी खालच्या खोलीत. तुमच्यातलं कोण?’

आणि आमच्या दाजींनी, पापणी न लववता, माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘हे आमचे मेहुणे.’ वर आवाज खाली करून, ‘जरा सांभाळून घ्या त्यांना. मी बसतो खाली.’

डोक्यात एकच, हे खाली गेले की खाली थांबायचे नाहीत, शाळेपुढे काय आहे ते लॉन्ड्रीवाल्यानेही मला हात करून दाखवलं होतं. मी दाजींचं मनगट धरलं आणि म्हटलं, ‘हो, मीच. पण यांच्याशिवाय मी बसणार नाही. आणि यांनाही... थोडी आहे.’ दाजी म्हणाले, ‘कधीतरी. सोबत म्हणून.’ ड्रायव्हरकाकांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘थोडी तर थोडी. या दोघं.’

आत आठदहा माणसं आणि एक बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, त्या चहा देणार. सगळ्यांची पाळी येते. आपण काय आहोत ते सांगायचं आणि काय झालं ते सांगायचं, बाकीचे ऐकणार, कोणी मध्ये बोलायचं नाही, कोणी उपदेश करायचा नाही. दाजींची पाळी आली, ते म्हणाले, ‘मी यांच्यासाठी आलोय,’ आणि चहा प्यायले. माझी आली. उभा राहिलो, गुडघा बाकात अडकलेला, म्हटलं, ‘मी मास्तर. मी दारुडा आहे.’ सगळे एका सुरात, ‘नमस्कार, मास्तर.’ आता पुढे? मला काय माहीत हो दारुडे काय करतात? म्हटलं, ‘मी रोज संध्याकाळी बाटली आणतो, अर्धी पितो आणि उरलेली अर्धी बूच लावून कपाटात ठेवतो, दुसऱ्या दिवसासाठी.’ ड्रायव्हरकाकांना ठसका लागला. मुख्याध्यापिकाबाईंनी रुमाल तोंडाला लावला. मला वाटलं, गहिवरल्या.

पुढच्या वेळेपासून मी तयारी करून जायला लागलो. म्हणजे काय, तर दाजींचंच सगळं माझं म्हणून सांगायला लागलो, दुसरा माल कुठून आणू? जिन्यात झोपलो आणि दूधवाला ओलांडून गेला, ते सांगितलं. पोरीला शाळेतून आणायचं विसरलो आणि ती फाटकात अंधार पडेपर्यंत उभी होती, ते सांगितलं. शेजारी दाजी, मान खाली, चहाचा कप दोन्ही हातांत. परत येताना मागच्या सीटवरून म्हणाले, ‘ते जिन्यातलं... ते मी होतो.’ म्हटलं, ‘मग? माझ्याकडे माझं काही आहे का?’ थोड्या वेळाने, सिग्नलला, ‘तुम्ही दुसरा मजला म्हणालात. तिसरा होता.’ त्याच्या पुढच्या मंगळवारी तर मी सांगत असताना शेजारून हळूच, ‘साडेआठ नाही, नऊ.’ ‘चप्पल एकच होती.’ मी थांबून दुरुस्ती करून पुढे जायचो.

आणि माझी काय अवस्था झाली म्हणता? ड्रायव्हरकाकांचे सकाळचे फोन सुरू झाले. ते झाले की मी चिडून दाजींना फोन करणार, ‘तुमच्यापायी माझी सकाळ गेली, तुमचं काय, आज आहे की नाही?’ दाजी म्हणणार, ‘आज नाही.’ रोज. बाजारात कुजबुज. एक जुनं गिऱ्हाईक ब्लाउजचं माप देताना म्हणते, ‘मास्तर, कात्री धरताना हात नाही ना कापत?’ सासरेबुवांनी घरी येऊन मला गच्चीत नेऊन दीड तास समजावलं. पण खरं सांगावं तर दाजी मिटिंगला बोलत नाहीत हे ताईच्या कानावर जाणार आणि ती पोरीला घेऊन निघणार, तेव्हा मी मूग गिळून गप्प. आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, थेंबाला शिवलेलो नाही.

पाच आठवडे दाजी कोरडे राहिले. सहाव्या आठवड्यात स्कूटरवर मागे बसले आणि वेलचीचा वास आला. एवढी वेलची माणूस कशासाठी खातो ते मला न पिताही कळतं. रागाने डोकं नुसतं भणभणत होतं. माझी पाळी आली तसा उभा राहिलो आणि म्हटलं, ‘मी परवा पुन्हा प्यायलो. बायकोने मुलीची बॅग भरून ठेवलीय. एवढं सगळं करून पुन्हा प्यायलो.’ आणि शेजारच्या माणसाकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, आता झोडपतील मला. झोडपावं, असंच वाटत होतं, म्हणजे कोणालातरी ऐकू जाईल. तर मुख्याध्यापिकाबाई उठल्या, माझ्या कपात चहा ओतला, म्हणाल्या, ‘परत आलात ना, तेच खूप झालं.’ एकाने पाठीवर हात ठेवला. एकाने बिस्किटांचा पुडा पुढे केला. ड्रायव्हरकाका म्हणाले, ‘मी सात वेळा घसरलो, मास्तर. आठव्यांदा याच बाकावर बसलो.’ बस, एवढंच. ना कोणी टोमणा मारला, ना तोंड वाकडं केलं. दाजी बघत होते. माझ्याकडे नाही, त्या चहाच्या कपाकडे. बारा वर्षांत प्यायल्यावर त्यांना कोणी असा चहा दिला नव्हता, मीसुद्धा नाही.

त्यानंतर चार आठवडे गेले. आणि अकराव्या आठवड्यात शाळेच्या गणवेशांची ऑर्डर, साठ स्कर्ट, करड्या रंगाचे, चार चार चुण्या, संध्याकाळपर्यंत हवेत म्हणजे हवेत. घड्याळ बघितलं तर सात वाजायला दहा मिनिटं. दाजींना फोन लावला, उचलेनात. पुन्हा लावला, बंद. म्हटलं, गेले. आज मी नाही, म्हणजे हे शाळेच्या पुढच्या दारात. शटर अर्धं ओढलं, स्कूटर पळवली, गळ्यात टेप तशीच. आधी बारमध्ये शिरलो. हो, शिरलो, आयुष्यात पहिल्यांदा, टेबलाटेबलाखाली वाकून बघितलं, आणि तिथे कोण बसलेलं असावं? लॉन्ड्रीवाला. नमस्कार केला त्याने मला.

दाजी नव्हते. धावत शाळेत, जिना, दुसरा मजला, दार लोटलेलं, हात लावणार तेवढ्यात आतून दाजींचा आवाज आला.

‘आज आमचे मेहुणे आलेले नाहीत. ते असले म्हणजे माझं सगळं तेच सांगतात. आज मलाच सांगावं लागेल.’

मी जिथल्या तिथे थांबलो.

‘त्यांनी सांगितलेलं सगळं माझं आहे. जिन्यातलं, शाळेतलं, मध्ये पुन्हा प्यायलेलं. पण एक गोष्ट त्यांनाही माहीत नाही. मागच्या वर्षी दुपारी पिऊन कामावर गेलो. पाचव्या मजल्यावर दार उघडं ठेवलं आणि दुरुस्तीला वर गेलो. उघड्या दाराला आडवी पट्टी लावायची असते, ती लावली नाही. माझी मुलगी डबा घेऊन आली होती. दार उघडं दिसलं, तिला वाटलं लिफ्ट आहे. तिने पाय उचलला होता. तिथल्या एका बाईने दप्तर धरून मागे खेचलं. मी वरून बघत होतो. मला हाक मारता आली नाही, जीभ जड झाली होती. तिने घरी कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. तेव्हापासून ती कुठेही जिन्याने जाते, घरच्यांना वाटतं वजन उतरवतेय. मी लिफ्टचं काम करतो. मी दारुडा आहे.’

आतून सगळे म्हणाले, ‘नमस्कार, लिफ्टवाले.’

मी जिन्यात बसलो. माझी भाची, तिला मीच चिडवायचो हो, आमच्याकडे सात मजले चढून यायची तर म्हणायचो, काय पहिलवान, किती किलो उतरलं? हसायची नुसती. मामा, तू पण चढ, म्हणायची. रडलो, तुम्हाला सांगतो, टेपने डोळे पुसले.

मुख्याध्यापिकाबाईंनी दार उघडलं, मला आत नेलं. म्हटलं, आता मीही सांगून टाकतो. ‘मंडळी, माफ करा, मी तुम्हाला फसवलं. मी थेंबालाही शिवलेलो नाही.’ तर सगळी खोली हसायला लागली. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, दाजीसुद्धा. ड्रायव्हरकाका म्हणाले, ‘मास्तर, पहिल्या दिवशीच कळलं. अर्धी बाटली कपाटात ठेवतो म्हणालात. अहो, या खोलीत आजवर कोणाची अर्धी उरलेली नाही.’ म्हटलं, मग हाकललं का नाही? ‘तुम्हाला हाकललं असतं तर तेही गेले असते.’ आणि रोज सकाळी सातला मला फोन कशाला? ‘तुम्हाला केला की तुम्ही चिडून त्यांना करता ना? त्यांनी आमचा उचलला नसता.’

आता अशा माणसांवर रागवायचं कसं? ज्यांचं नाव मला अजून माहीत नाही, आडनाव माहीत नाही, त्यांनी माझ्या बहिणीचं घर अडीच महिने हातावर धरून ठेवलं, आणि मला वाटत होतं मीच त्यांना बनवतोय. त्या रात्री दाजींनी ताईला सगळं सांगितलं, पोरीला जवळ घेऊन. तिसऱ्या दिवशी ताईने भरलेली बॅग रिकामी केली. पोरगी अजून जिन्यानेच जाते, पण आता दाजीही तिच्याबरोबर जिन्याने जातात, लिफ्टवाला असून, धापा टाकत.

आणि मला? मला नियमाने खालच्या खोलीत पाठवलं, सोबतवाल्यांच्या. तिथे सगळ्या बायका, कोणाची आई, कोणाची बायको, आणि एकटा मी. पहिल्या दिवशी म्हटलं, ‘मला काही त्रास नाही, मी नुसता सोडायला येतो.’ सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग एकीने विचारलं, ‘वेलचीचा वास आल्यावर काय वाटलं होतं?’ आणि मी बोलायला लागलो ते पाऊण तास. बारा वर्षांचं साठलं होतं, मलाच माहीत नव्हतं. तेव्हापासून फुकटचं हलकं वाटतं मला मंगळवारी.

परवा दाजींना वर्ष झालं. त्या दिवशी मिटिंग सगळ्यांसाठी खुली. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले, मीच शिवलेला, आणि आभार मानायला लागले. ड्रायव्हरकाकांचे मानले, बाईंच्या चहाचे मानले. ताईचे मानले, पोरीचे मानले. दप्तर धरून ओढणाऱ्या त्या अनोळखी बाईचे मानले. साहेबांचे मानले. शाळेच्या शिपायाचेसुद्धा मानले, दार उघडं ठेवतो म्हणून. मी रुमाल हातात धरून तयार, आता माझं, आता माझं... आणि दाजी बसले. टाळ्या. म्हटलं, विसरले असतील. पण राहवेना. घरी येताना सिग्नलला विचारलंच, ‘दाजी, शिपाई आठवला, मी नाही आठवलो?’

मागून म्हणाले, ‘तुम्हीच तर पहिले आठवलात. पण मास्तर, आभार मानले की काम झाल्यासारखं वाटतं हो. तुम्ही यायचं बंद केलंत तर? अजून एक वर्ष याल?’

पूर्वी बरं होतं, दाजींनी रात्री काही मागितलं तर हो म्हणून टाकायचं, सकाळी त्यांच्या लक्षातही नसायचं. आता माणूस शुद्धीत मागतो, सकाळी त्याच्या लक्षात असतं... जावं लागतं.